पारूआक्काचं कच्चं

तुम्ही स्वतःच्या हाताने खोडलेली ओळ तुमच्या माघारी कुणी जपून ठेवली, आवडीने वाचली, चार जणांना वाचून दाखवली, तर त्या माणसाला तुम्ही चोर म्हणाल की वारस? घाईने उत्तर देऊ नका. कॉलेजात असताना मी घाईने दिलं होतं, आणि त्यावरून आमच्या घरात असा वाद पेटला की आईने रविवारचं मटण दोनदा वाढलं. एकदा अप्पांना, आणि ते उठून गेल्यावर मला.

आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. अप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते आणि फिटरपेक्षा जास्त युनियनचे होते. भिंतीवर दोन तसबिरी, तसबिरींखाली टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर आणि टेबलाखाली पत्रकांचे गठ्ठे, असं आमच्या बाहेरच्या खोलीचं रूप होतं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. बाराखडीच्या पुस्तकातलं कमळ आणि गणपती मला नंतर भेटले. त्याआधी 'क' होता कामगाराचा आणि 'ठ' होता ठरावाचा. वाटून उरलेली पत्रकं आमच्याकडे कधीच फेकली जात नसत. एका बाजूने छापलेला कागद दुसऱ्या बाजूने कोरा असतो, आणि कोरा कागद वाया घालवणं अप्पांच्या लेखी मालकाच्या बाजूला जाऊन उभं राहण्यासारखं होतं. त्या पाठकोऱ्या कागदांना आई सुईदोऱ्याने शिवून माझ्या वह्या करायची. माझे सगळे गुणाकार-भागाकार 'कंत्राटी पद्धत बंद करा'च्या पाठीवर झालेले आहेत. शाळेत एकदा बाईंनी वही उलटीकडून वाचली आणि विचारलं, "संघमित्रा, हा गृहपाठ आहे की संपाची नोटीस?" वर्ग हसला. मला मात्र अभिमान वाटला.

कारखान्याचा भोंगा, लोकलची शिट्टी, आईचा कुकर आणि टेपरेकॉर्डर, या चार आवाजांवर आमचा दिवस चालायचा. टेपरेकॉर्डर दोन कॅसेटींचा होता, म्हणजे एकीवरून दुसरीवर उतरवून घेता येईल असा, आणि तो बहुतेक वेळ पारूआक्काचा असायचा. आज तिशीच्या आतल्या मुलांना पारूआक्का कोण हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. जलशात गाणारी बाई होती. खडकीपासून लोणी काळभोरपर्यंत अशी वस्ती नव्हती जिथे जयंतीला तिची कॅसेट वाजली नाही. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका खडी फोडणाऱ्या बाईचं. लेक रस्त्याच्या कडेला पाटीवर अक्षर गिरवते आहे आणि आई घण उचलता उचलता तिच्याकडे बघते आहे. 'लेकीच्या पाटीवर ऊन पडलं गं' ही त्याची पहिली ओळ. ती ओळ आक्का अशी गायची की जणू ऊन तिच्याच हाताने तिथे नेऊन ठेवलं आहे. लहानपणी मला वाटायचं, ही बाई जन्मली तेव्हाच ही ओळ तिच्या गळ्यात असणार.

अप्पांबद्दलही मला तसंच वाटायचं. अप्पा द्वारसभेत बोलायचे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दरवाजाबाहेर भरणाऱ्या सभेत, आणि हातात कागद न घेता बोलायचे. बोलता बोलता वाक्याच्या मधोमध ते एकदम थांबायचे, गळा दाटून आल्यासारखे, आणि चारशे माणसं डबे हातात धरून श्वास रोखायची. त्यांच्या त्या थांबण्याची सगळ्या क्वार्टर्समध्ये नक्कल व्हायची. अशा माणसाची मी मुलगी. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी उभी राहिले, तिसऱ्या वाक्याला पुढचं सगळं पुसलं गेलं, आणि मी खाली उतरले. घरी आले तेव्हा अप्पांनी फक्त विचारलं, "पाठ केलं होतंस का?" मी फणकारले, "तुम्ही करता का पाठ?" ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ असा घेतला की ज्याच्यात असतं त्याच्यात ते असतं, माझ्यात नाही. पुढे वर्षभर मी वर्गातसुद्धा हात वर केला नाही.

त्याच वर्षी मला तांबोळी काका भेटले. जुन्या बाजारात रविवारी मी आक्काच्या कॅसेटी धुंडाळत होते. सीडी आल्या होत्या, लोक कॅसेटी पोत्याने भंगारात देत होते, आणि जुन्या बाजारात त्या ढिगाने मिळायच्या. मागून आवाज आला, "ते पक्कं आहे. ते सगळ्यांकडे असतं." वळून बघितलं तर पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन लावलेले, पोस्टातून निवृत्त झाल्याचं चेहऱ्यावरच लिहिलेलं असे एक गृहस्थ. मी म्हटलं, "मग कच्चं काय असतं?" ते म्हणाले, "ते विकत मिळत नाही," आणि पुढच्या दुकानाकडे निघाले. मी त्यांच्या मागे गेले. सबंध बाजार त्यांच्या मागे फिरले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अहो ताई, माझ्या घरच्यांनी इतक्या वर्षांत माझा एवढा पिच्छा पुरवला नाही. काय पाहिजे तुम्हाला?"

कच्चं म्हणजे काय ते त्यांच्या भवानी पेठेतल्या घरी कळलं. आक्काची गाणी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत भरली जायची. एक गाणं पसंत पडेपर्यंत ती पुन्हा पुन्हा गायची. जे पसंत पडलं ते कॅसेटवर आलं, ते पक्कं. जे टाकून दिलं ते कच्चं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथल्या रेकॉर्डिस्टने जाता जाता ते कच्चं आपल्यापुरतं उतरवून घेतलं, दोघा-तिघा दर्दींना दिलं, आणि तिथून ते हातोहात फिरत राहिलं. कुणी विचारलं तर कुणाकडेच काही नसायचं. म्हणून या कॅसेटींवर नाव लिहायचं नाही असा या मंडळींचा रिवाज होता. कपाटभर कॅसेटी, आणि एकीवर अक्षर नाही. कुठलीत काय आहे ते काका केसच्या ओरखड्यांवरून ओळखायचे. दुसरा रिवाज त्याहून कडक. कॉपी मागायला आलेल्याने आधी मालकाबरोबर बसून ती सबंध कॅसेट ऐकायची. मध्ये बोलायचं नाही, पुढे पळवायची नाही. "ज्याला बसवत नाही, त्याला देऊन उपयोग काय?" काका म्हणायचे. "तो नेऊन कपाटातच ठेवणार. कपाट माझ्याकडेही आहे."

पहिल्या दिवशी ऐकलेलं अजून कानात आहे. ढोलकी सुरू झाली, पेटीने सूर धरला, आक्काने 'लेकीच्या पाटीवर' एवढं गायलं आणि मध्येच थांबली. "थांबा हो. माझंच चुकलं. पुन्हा." पुन्हा ढोलकी. आता 'ऊन' फाटलं. खोकला. कुणीतरी पाणी आणलं. कोरसमधली एक मुलगी खुदकन हसली, तिला कुणीतरी दटावलं. "पुन्हा." मग आक्काने 'ऊन' हळूच उचललं, ते इतकं हळू झालं की पेटीवाला म्हणाला, "बाई, हे सावलीतलं झालं." सगळे हसले, आक्का सगळ्यात जास्त. "पुन्हा घ्या." मी काकांच्या खोलीत खाली बसले होते, समोर जाड सायीचा चहा आणि काकींनी दिलेली नानकटाई, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकांना वाटलं मला गाणं कळतं. गाणंबिणं काही नव्हतं. जी ओळ त्या बाईच्या गळ्यात जन्मापासून होती असं मी समजत होते, ती तिने माझ्यासमोर, ठेचकाळत, एकेक पाऊल टाकत मिळवली होती. एवढंच.

नंतर मी दर रविवारी जायला लागले. घरी माझ्याकडे कच्च्याच्या कॅसेटी जमायला लागल्या आणि अप्पांच्या कपाळावर आठी. त्यांचा मुद्दा सोपा होता. "तिने जे नाकारलं, ते तू कशाला ऐकतेस? पत्रकात चूक राहिली तर आम्ही सगळा गठ्ठा मागे घेतो. चुकीचं लोकांपुढे जाता कामा नये, हा लिहिणाऱ्याचा हक्क आहे." मी म्हणायचे, "कंपनीने तिला गाण्यामागे पैसे दिले, पुन्हा पुन्हा गाण्याचे दिले नाहीत. फुकट राबवलं. ज्याचे पैसे दिले नाहीत, त्यावर कंपनीची मालकी कसली? ते लोकांचं आहे." अप्पा जेवता जेवता थांबले. "मालकी कंपनीची नाही, हे कबूल. पण म्हणून लगेच तुझी झाली? मधे आक्का होती ना. तिला विचारलंस?" मी म्हटलं, "ती आता नाही. मेलेल्या माणसाला कसं विचारणार?" "मग तेव्हा ज्याने उचललं, त्याने विचारलं होतं का? न विचारता घेतलेल्याला आपण काय म्हणतो?" मी ताड्कन म्हटलं, "वारस!" अप्पा ताटावरून उठले. ते दोनदा वाढलेलं मटण ते हेच. मी जेवायला बसले तेव्हा आई रस्सा वाढत म्हणाली, "दोघंही बरोबर बोलता, म्हणून तर ऐकवत नाही."

आता मुख्य गोष्ट. काकांकडे एक कॅसेट होती तिची कॉपी कुणालाच दिलेली नव्हती. रेकॉर्डिस्टने शेवटी शेवटी फक्त त्यांना दिलेली, आणि तो माणूस नंतर वारला. त्यात 'ऊन'चा एक टेक होता. त्यात आक्काने ती ओळ रागाने गायली आहे. लेक उन्हात बसली आहे, तिला सावली कुणी दिली नाही, असा राग. गाणं संपल्यावर संगीतकाराचा आवाज येतो, "बाई, छान. पण राग जरा कमी करा." आणि आक्का म्हणते, "कमी करून ठेवू कुठे?" मग ढोलकी. पुन्हा. पक्क्यामध्ये राग नाही. आपल्याला माहीत असलेलं कोवळं ऊन आहे. काकांनी ती मला एकदा ऐकवली आणि परत कुलपात ठेवली. मी चिडले. म्हटलं, "काका, पत्रक एकच छापून कुणी कपाटात ठेवतं का? उद्या ही टेप चिकटली, तुटली, तर तो राग गेला. एकाच कपाटात असणं म्हणजे नसणंच आहे." बरेच रविवार मी हेच म्हणत राहिले. त्यांचा डेक कॉपी करताना सूर हलवायचा. माझ्या घरी दोन कॅसेटींचा चांगला होता. शेवटी एका रविवारी त्यांनी ती कॅसेट रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाले, "पोस्टात इतकी वर्षं काढली. रजिस्टर केल्याशिवाय काही कुणाच्या हातात दिलं नाही. आज देतोय."

मी ती घरी आणली, टेपरेकॉर्डरशेजारी ठेवली, आणि माझी परीक्षा होती म्हणून चार दिवस हात लावला नाही. पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिच्या कडेचे प्लॅस्टिकचे तुकडे काकांनी केव्हाच तोडलेले होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. परीक्षा संपवून आले, नवी कॅसेट एका खणात घातली, काकांची दुसऱ्या खणात, आणि बटण दाबलं. ढोलकी आली नाही. अप्पांचा आवाज आला. "साथींनो..." मग खाकरणं. "नाही." मग परत, "साथींनो, हा दरवाजा..."

मला आधी वाटलं कॅसेट बदलली. काढून बघितली. तीच. तोडलेल्या जागी कागदाची घडी खुपसून वरून चिकटपट्टी लावलेली. घडी उलगडली तर आमच्याच पत्रकाचा तुकडा. तेवढ्यात अप्पा भाजीची पिशवी घेऊन आत आले.

"ही कॅसेट तुम्ही घेतली होती?"

"हो. कोरी होती."

"कोरी नव्हती!"

"अगं, तिच्यावर नाव कुठे आहे?"

मी काय ओरडले ते आठवत नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली ते आठवतं. "मी म्हटलं होतं, अहो, पोरीला विचारा. तर म्हणे, नाव नाही म्हणजे पाठकोरी." अप्पा पिशवी धरूनच पलंगावर बसले. त्यांना सगळं सांगितलं, कुणाची, कशातली, एकुलती एक. ते किती तरी वेळ पिशवीतल्या मेथीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या हातून झालंय. त्यांच्याकडे मी येतो." मी म्हटलं, "शब्द मी दिला होता." "शब्द तुझा, हात माझा. रविवारी दोघं जाऊ."

इथे थोडं थांबून सांगते. आज मागे वळून बघताना मला या अपघातात कुणाचीच चूक दिसत नाही. नाव न लिहिणं हा त्या मंडळींचा शहाणपणा होता, आणि बिननावाचं ते वापरायचं हा आमच्या घराचा. दोन शहाणपणांची एका टेबलावर गाठ पडली, आणि आक्काचा राग मधल्यामध्ये गेला. पण तेव्हा बसमध्ये अप्पांच्या शेजारी बसून खडकीहून भवानी पेठेत जाताना असलं काही सुचत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून, रुमालातली कॅसेट मांडीवर धरून अप्पा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. आता मला माहीत आहे, ते काय म्हणायचं याची तालीम करत होते.

काकांनी दार उघडलं. "या. आज वडिलांना घेऊन आलात, म्हणजे एक तर लग्न ठरलंय नाहीतर काहीतरी मोडलंय." कुणी हसलं नाही. आम्ही बसलो. काकींनी पाणी दिलं. चारशे माणसांसमोर कागदाशिवाय बोलणारे माझे अप्पा म्हणाले, "तांबोळी साहेब, माझ्याकडून..." आणि थांबले. या थांबण्यात नाटक नव्हतं. दुसऱ्यांदा सुरू केलं, "त्याचं असं झालं..." तेही तिथेच राहिलं. शेवटी रुमाल सोडून कॅसेट टेबलावर ठेवली आणि एका दमात म्हणाले, "यावर मी माझं भाषण भरलं."

काकांनी कॅसेट उचलली. चिकटपट्टी त्यांनी अंगठ्याने चाचपली.

"कुठलं भाषण?"

"द्वारसभेचं."

"झालं ते भाषण?"

"झालं."

"चांगलं झालं?"

"बरं झालं."

"मग ठीक. नाहीतर दोन्हीकडून गेलं असतं."

आणि त्यांनी ती डेकमध्ये घातली. मी म्हटलं, "काका, कशाला आता. काही राहिलं नाहीये त्यात." ते म्हणाले, "इथला नियम तुम्हाला माहीत आहे. ऐकल्याशिवाय काही दिलं जात नाही. गेलं असंही म्हटलं जात नाही." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. कारण त्यात काय आहे हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

"साथींनो... नाही. कामगार बंधूंनो आणि भगिनींनो... लांबतंय. साथींनो, हा दरवाजा आपण रोज उघडतो." मागे कुकरची शिट्टी. "साथींनो, हा दरवाजा आपल्या हातांनी रोज उघडतो. तो आपल्यावर बंद करण्याचा जुलमी..." आणि आईचा आवाज, लांबून, भांड्यांच्या आवाजातून, "अहो, 'जुलमी' काढा. 'जुलमी' म्हणताना तुम्ही नाटकातले राजे होता." "मग काय म्हणू?" "काहीच नका म्हणू. अधिकार कुणाला दिला, एवढंच विचारा. आणि आटपा, डबे राहतात लोकांचे." पुन्हा. आता 'जुलमी' नाही. पुन्हा. भोंगा झाला, तो संपेपर्यंत थांबले, पुन्हा. आणि मग ते आलं. "हा दरवाजा आपण रोज उघडतो..." शांतता. मग अगदी साध्या, हिशेबी आवाजात, "इथे थांबायचं. तीन मोजायचे." आणि परत, "तो आपल्यावर बंद करण्याचा अधिकार कुणाला दिला?"

ते थांबणं! ज्याची सगळ्या क्वार्टर्समध्ये नक्कल व्हायची, ते थांबणं. मी अप्पांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. रिवाजाप्रमाणे कुणी बोललं नाही. आम्ही तिघं आणि दारात उभ्या काकी, सगळ्यांनी ते ऐकलं. आईने नापास केलेलं प्रत्येक वाक्य, अडकलेला प्रत्येक श्वास. शेवटी टेपवरचे अप्पा दमले. "नाही जमत आज," असं स्वतःशीच म्हणाले, बटणाचा खटका झाला, आणि ज्या जागी त्यांचं संपलं त्या जागी आक्का उगवली, जशी ती प्रत्येक कॅसेटमध्ये उगवायची. "माझंच चुकलं. पुन्हा घ्या."

काका हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि काकींना पाणी आणावं लागलं. मग आक्काची राहिलेली चार मिनिटं गेली, ढोलकी उतरवल्याचा आवाज, चहाची चौकशी, चपला, आणि टेप संपली. रागाचा तो टेक खरंच गेला होता. काकांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग अप्पांना म्हणाले, "दुसऱ्या वेळचं सगळ्यात चांगलं होतं. शेवटी उगाच घासून गुळगुळीत केलंत."

"हिची आई पण हेच म्हणाली."

"त्यांना कळतं. याची एक कॉपी मला पाहिजे."

अप्पा दचकले. "अहो, हे मी टाकून दिलेलं आहे."

"माझ्या कपाटात सगळं टाकून दिलेलंच आहे, कांबळे."

"नाही, पण... लोकांना वाटतं मला ते आपोआप सुचतं."

"म्हणून तर विचारतोय. आक्काला विचारायचं राहून गेलं. ते तुमचं म्हणणं मुलीने मला सांगितलंय, आणि ते बरोबर आहे. पण तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला विचारता येतंय. देता का?"

इतके दिवस ज्या प्रश्नावर अप्पा ठाम होते, तो प्रश्न त्यांच्याच आवाजासकट त्यांच्या मांडीवर येऊन बसला. ते नाही म्हणाले असते तर काकांनी ती टेप तिथेच पुसली असती याबद्दल मला शंका नाही. अप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?" मला वाद घालता आला असता, मालकी, वारस, लोकांचं, सगळं तयार होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "हे मला त्या स्पर्धेच्या आधी ऐकायला मिळायला हवं होतं."

"त्या दिवशी तेच सांगणार होतो," अप्पा म्हणाले. "तू म्हणालीस, तुम्ही करता का पाठ. हो म्हणायला लाज वाटली."

मग ते काकांना म्हणाले, "करा कॉपी. आणि कपाटात नका ठेवू. आमच्यात नवी पोरं आहेत, बोलायची वेळ आली की मागे सरकतात, म्हणतात आम्हाला सुचत नाही. त्यांना ऐकवा."

काकांनी नवी कॅसेट काढली, कॉपी चढवली, आणि त्यानंतर मी त्या घरात कधी न पाहिलेली गोष्ट केली. खिशाचं पेन काढून त्यांनी केसवर नाव लिहिलं: 'कांबळे, द्वारसभा, कच्चं'. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. त्या रविवारनंतर त्यांच्या कपाटातली एकही कॅसेट बिननावाची राहिली नाही. काकांनी आणि मी मिळून सगळ्या ऐकल्या, सगळ्यांवर लिहिलं, आणि ज्याला बसवतं त्या प्रत्येकाला कॉपी दिली. काका पुढे मुलाकडे धायरीला गेले आणि तिथेच वारले. अप्पा आता निवृत्त आहेत, हल्ली भाषण नसतं तरी आरशासमोर पुटपुटतात. मी लिहिते, सभेत बोलते, आणि बोलण्याआधी घरी मोठ्याने चुकून घेते. तीन मोजायला शिकले आहे. हे मला तीन माणसांनी दिलं, एकीने नकळत, एकाने नाइलाजाने आणि एकाने पेन काढून. त्यांचं ऋण मी इथे लिहून ठेवते आहे, आणि त्यासोबत आक्काचा तो गेलेला राग, कारण आता तो टेपवर ऐकलेल्यांपैकी मी एकटीच उरले आहे. चोर की वारस, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. विचारता येत असेल तर विचारायचं, एवढं मात्र मी शिकले.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात माळ्यावर एखादी बिननावाची कॅसेट असेल. नसेल तर फोनमध्ये तुमच्या आईने तीनदा सुरू करून अर्धवट सोडलेला निरोप असेल, "हे चालू झालं का रे?" असं विचारत संपणारा. पुसण्याआधी कुणाला तरी शेजारी बसवा आणि शेवटपर्यंत ऐका. ज्याचा आवाज आहे तो माणूस हयात असेल तर त्याला विचारा, ठेवू का. आणि तो हो म्हणाला, तर आजच पेन घ्या आणि वर त्याचं नाव लिहा.